स्कॉटलंडमध्ये पहिल्यांदा गोल्फ खेळायला जाताना

पुण्या-मुंबईत गोल्फ शिकलेल्यांच्या दोन सवयी स्कॉटलंडमध्ये पहिल्याच दिवशी नडतात. एक म्हणजे बॉल उंच उडवून ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) अलगद उतरवण्याची आणि दुसरी म्हणजे बाकी सगळं कॅडीवर, म्हणजे बॅग वाहणाऱ्या मदतनिसावर, सोडून देण्याची. आपल्याकडे बॉल कुठे पडला ते कॅडी बघतो. उखडलेलं गवत तोच बसवतो, बंकरमधली वाळू तोच सारखी करतो, पटची, म्हणजे ग्रीनवरच्या लोळत्या फटक्याची, रेषही तोच सांगतो. स्कॉटलंडमध्ये बहुतेक ठिकाणी बॅग तुमच्याच खांद्यावर किंवा ट्रॉलीवर असते आणि ही सगळी कामं तुमची असतात. म्हणून जायच्या निदान दोन महिने आधी आपल्याच क्लबमध्ये काही राउंड कॅडीला फक्त चालायला सांगून खेळा. स्वतःचा बॉल स्वतः शोधायची सवय नसेल तर तिथे मागचा गट डोक्यावर येऊन बसतो.

दुसरी गोष्ट डोक्यातून काढायची ती म्हणजे गोल्फ हा बंद फाटकाआडचा खेळ आहे ही समजूत. स्कॉटलंडमध्ये साडेपाचशेहून जास्त गोल्फ कोर्स आहेत. त्यांतले कित्येक नगरपालिकेचे किंवा ट्रस्टचे आहेत आणि खासगी क्लबही आठवड्यातले काही ठरावीक दिवस पाहुण्यांसाठी ठेवतात. सदस्याची ओळख काढत बसावं लागत नाही. वेबसाइटवर ‘व्हिजिटर्स’चं पान उघडायचं, टी टाइम म्हणजे खेळ सुरू करायची वेळ निवडायची, पैसे भरायचे.

आधी हँडिकॅप

नामांकित मैदानांवर हँडिकॅपचा, म्हणजे तुमच्या खेळाच्या पातळीनुसार मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीचा, पुरावा मागतात. 2020 पासून जगभर एकच पद्धत लागू झाल्यामुळे भारतातल्या तुमच्या क्लबमार्फत इंडियन गोल्फ युनियनकडून मिळालेला हँडिकॅप इंडेक्स तिथे तसाच चालतो. तो काढायला एकूण 54 होल्सची कार्डं लागतात, म्हणजे 18 होल्सचे तीन राउंड किंवा 9 होल्सचे सहा. कमाल इंडेक्स 54.0. आकडा मोठा आला म्हणून लाजू नका. खोटा लहान आकडा सांगणारे पहिल्या टीवरच, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरच, उघडे पडतात.

प्रत्येक कोर्सवर इंडेक्सचा हिशेब वेगळा होतो. इंडेक्सला त्या कोर्सच्या स्लोप रेटिंगने (साध्या खेळाडूला तो किती अवघड जातो याच्या आकड्याने) गुणायचं, 113 ने भागायचं आणि कोर्स रेटिंग (तरबेज खेळाडूचे अपेक्षित फटके) व पार (कोर्सला ठरवून दिलेले फटके) यांच्यातला फरक त्यात धरायचा. इंडेक्स 20 आणि स्लोप 130 असेल तर पहिलाच आकडा 23 येतो. क्लब हाऊसबाहेर याचा तयार तक्ता लावलेला असतो. इंडेक्सचं प्रमाणपत्र फोनमध्ये ठेवाच, पण छापील प्रतही घ्या. समुद्रकाठच्या गावात भर पावसात फोन चालेलच असं नाही.

हँडिकॅप नसेल तरी सहल वाया जात नाही, फक्त मैदानं निवडून घ्यावी लागतात.

कधी जावं

एप्रिल ते ऑक्टोबर हा हंगाम. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारनंतरचे स्वस्त ‘ट्वायलाइट’ टी टाइम घेऊनही 18 होल्स पूर्ण होतात. पैसे वाचवायचा हा सगळ्यात सरळ मार्ग. नोव्हेंबर ते मार्च ग्रीन फी, म्हणजे मैदानावर खेळायचं शुल्क, बरीच उतरते, पण दिवस लहान असतो. कुठे तात्पुरत्या ग्रीनवर खेळावं लागतं, तर सेंट अँड्रूज गावातल्या ओल्ड कोर्सवर फेअरवेमधला (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्यातला) फटका छोट्या चटईवर बॉल ठेवून मारावा लागतो. तिथे जाऊन चटईवरून खेळायचं तर आपल्या ड्रायव्हिंग रेंजने काय वाईट केलंय?

ऑक्टोबरच्या सुरुवातीला डनहिल लिंक्स ही व्यावसायिक स्पर्धा ओल्ड कोर्स, कार्नूस्टी आणि किंग्सबार्न्स या तिन्ही मैदानांवर होते. ते दिवस टाळा. जुलै 2027 मध्ये ‘द ओपन’ ही ब्रिटनची सगळ्यात मोठी स्पर्धा सेंट अँड्रूजला आहे, तेव्हा त्या उन्हाळ्यात ओल्ड कोर्सच्या भरवशावर बेत आखू नका.

मैदानांचा क्रम

उतरल्या उतरल्या मोठ्या मैदानावर जाण्यात हशील नाही. वाऱ्याचा आणि जमिनीचा अंदाज यायला दोन-तीन राउंड लागतात. पुढचा क्रम खिशालाही परवडतो.

एडिंबरा शहरात ब्रन्ट्सफील्ड लिंक्स नावाची सार्वजनिक हिरवळ आहे. उन्हाळ्यात तिथे छोट्या 36 होल्सचा कोर्स असतो आणि खेळायला एक पैसा पडत नाही. एक वेज (जवळून बॉल उंच उडवायचा क्लब), एक पटर (ग्रीनवर बॉल लोळवायचा क्लब) आणि दोन बॉल पुरतात. विमानाचा शीण घालवायला संध्याकाळी इथे या.

दुसऱ्या दिवशी नऊ होल्स. एडिंबराच्या पूर्वेला मसलबरा ओल्ड लिंक्स हा कोर्स घोड्यांच्या शर्यतीच्या ट्रॅकच्या आत आहे. 1874 ते 1889 दरम्यान इथे सहा वेळा ओपन झाली. इथे जुन्या पद्धतीच्या हिकरी लाकडाच्या दांड्यांचे क्लब भाड्याने मिळतात. त्यांनी खेळून पाहाच, कारण जोर लावला की ते लगेच दगा देतात आणि सावकाश स्विंगचा धडा फुकटात मिळतो. अगदीच नवखे असाल तर सेंट अँड्रूजचा बाल्गोव्ह हा नऊ होल्सचा कोर्स मुलांसाठी आणि शिकाऊंसाठीच बनवलेला आहे.

मग मधल्या फळीतले पूर्ण लिंक्स कोर्स, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या जमिनीवरचे. सेंट अँड्रूजमध्ये स्ट्रॅथटायरम आणि ईडन, त्याच किनाऱ्यावर पुढे क्रेल, एडिंबराच्या बाजूला गलनचा क्रमांक तीनचा कोर्स. नॉर्थ बेरिकचा वेस्ट लिंक्स थोडा महाग आहे, पण एकच मोठा खर्च करायचा असेल तर नवख्याने तो इथे करावा, असं आमचं मत आहे. एडिंबराहून ट्रेनने अर्ध्या तासात पोचता येतं. तेराव्या होलची ग्रीन बुटक्या दगडी भिंतीपलीकडे आहे आणि पंधराव्या ‘रेडॅन’ या पार थ्री होलची नक्कल जगभरच्या आखणीकारांनी केली आहे. कार्नूस्टी, रॉयल ट्रून, म्यूरफील्ड ही नावं पुढच्या खेपेला ठेवा. म्यूरफील्ड पाहुण्यांना मंगळवार आणि गुरुवारीच घेतं.

ओल्ड कोर्सची सोडत

सेंट अँड्रूजची जमीन गावाची आहे. गावकऱ्यांचा तिथल्या लिंक्सवरचा हक्क 1552 च्या सनदेत नोंदलेला आहे आणि 1974 पासून एक सार्वजनिक ट्रस्ट तिथली सातही मैदानं चालवतो. म्हणूनच जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध कोर्सवर कुणालाही अर्ज करता येतो. 1764 मध्ये इथल्या 22 होल्सचे 18 केले गेले आणि तोच आकडा पुढे जगभर रूढ झाला. एवढा इतिहास पुरे, आता कामाचं.

1. गट दोन ते चार जणांचा हवा. प्रत्येकाचं नाव, क्लब आणि हँडिकॅप हाताशी ठेवा.
2. ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी दुपारी 2 वाजेपर्यंत ऑनलाइन अर्ज भरा. वेळ तिथली, भारतातून भरत असाल तर घड्याळ जुळवा.
3. निकाल त्याच दिवशी संध्याकाळी लागतो. अर्जाला पैसे नाहीत, नंबर लागला तरच ग्रीन फी. हंगामात ती 300 पौंडांच्या वर आहे.
4. नंबर नाही लागला तर दुसऱ्या दिवसासाठी पुन्हा अर्ज.

रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो. त्या दिवशी गावातले लोक कुत्री-मुलं घेऊन फेअरवेवर फिरतात. तुम्हीही फिरून या. कोणता बंकर कुठे दडलाय हे चालत बघितल्यावर जितकं कळतं तितकं नकाशावर कळत नाही.

एकटे असाल तर या सोडतीत नाव घालता येत नाही. पूर्वी एकटे खेळाडू पहाटेच्या अंधारात रांग लावून बसत. 2024 पासून आदल्या दिवशी सेंट अँड्रूजमध्ये प्रत्यक्ष जाऊन नाव नोंदवायचं आणि एकट्यांची वेगळी सोडत निघते. तीन जणांच्या गटात जागा रिकामी असली की तिथे तुमची वर्णी लागते.

सोडतीत फसतात ते वेळेच्या आखणीत. एकच रात्र मुक्काम ठेवतात, अर्ज एकदाच करतात, मग हात हलवत परततात. चार-पाच रात्री राहा, रोज अर्ज करा आणि त्या दिवसांसाठी न्यू किंवा ज्युबिली कोर्सवरची वेळ आधीच पक्की करून ठेवा. 1895 चा न्यू कोर्स अगदी शेजारी आहे आणि त्याच वाळूवर, त्याच वाऱ्यात आहे. खात्रीच्या टी टाइमसह मुक्कामाची पॅकेजं विकणारे अधिकृत एजंट आहेत. सोय चांगली आहे, पण त्यात महागडं हॉटेल गळ्यात पडतं.

सगळं फिस्कटलं तरी ‘हिमालयाज’ राहतंच. लेडीज पटिंग क्लबची ही 1867 पासूनची उंचसखल हिरवळ ओल्ड कोर्सला लागून आहे. काही पौंडांत पटर आणि बॉल मिळतो, हँडिकॅप कोणी विचारत नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रेस्टविकच्या पाचव्या होललाही ‘हिमालयाज’च म्हणतात. तिथे वाळूच्या टेकडीवरून न दिसणाऱ्या ग्रीनवर मारायचं असतं. दोन्हीकडे उंची आपल्या पर्वती इतकीही नाही, पण दमवतात मात्र.

सामान

बॅगेत 14 पर्यंत क्लब चालतात. सगळे नेऊ नका. स्वतःचा पटर आणि एखादा लाडका वेज न्या, बाकीचा संच तिथे भाड्याने घ्या. एक-दोन राउंडसाठी हे विमानाच्या जादा सामानापेक्षा आणि मोडलेल्या ड्रायव्हरपेक्षा स्वस्त पडतं. आठवडाभर रोज खेळणार असाल तर हिशेब उलटा होतो. मग कडक डोक्याची ट्रॅव्हल बॅग घ्या आणि ड्रायव्हरचं डोकं सुटं करून कपड्यांत गुंडाळा.

कपड्यांत कंजुषी नको. जून-जुलैतही दिवसाचं तापमान साधारण 15 ते 20 अंश असतं आणि समुद्रावरचा वारा ते आणखी खाली खेचतो. एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा तीन पातळ थर घ्या. खरा वॉटरप्रूफ कोट हवा आणि तशीच पँटही. आपला पावसाळी रेनकोट खेळताना फडफडतो आणि आतून घामाने भिजवतो. छत्री वाऱ्यात उलटी होते. कानटोपी, ओल्या हवेत पकड देणारे हातमोजे आणि बदलायला सुके मोजे हे मात्र विसरू नका. बुटांचे स्पाइक प्लास्टिकचे हवेत. 18 होल्स म्हणजे नऊ-दहा किलोमीटर चाल. लिंक्सवर बग्गी सहसा वैद्यकीय कारणासाठीच देतात, तेव्हा नवे कोरे बूट घालून जाऊ नका.

मधल्या टपरीवर सूप, मांसाचं सारण भरलेला ‘पाय’ (pie), सॉसेज रोल मिळतात. शाकाहारी असाल तर सोबत काहीतरी ठेवा. ब्रिटनमध्ये भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे-बर्फी घरीच राहू दे. शेंगदाण्याची चिक्की बॅगेच्या कप्प्यात छान राहते.

पहिल्या टीवर

अर्धा तास आधी पोचा. स्टार्टरच्या (गटांना वेळेवर खेळायला सोडणाऱ्याच्या) खोलीत नाव सांगा आणि कोणत्या टीवरून खेळायचं ते त्याला विचारा. पुरुषांनीही पुढच्या टीवरून खेळण्यात कमीपणा नाही. मागच्या टीवरून दीडशे-दोनशे यार्ड वाऱ्याविरुद्ध नुसती झुडपं पार करायची असतात आणि बॉलचा डबा तिथेच रिकामा होतो. डेनिम घालू नका, कॉलरचा शर्ट घाला. पालिकेच्या कोर्सवर कोणी फार बघत नाही, जुन्या क्लबांत बघतात.

गुण मोजायला स्टेबलफर्ड पद्धत घ्या. हँडिकॅपची सूट धरून पार केला तर 2 गुण, बोगीला (पारपेक्षा एक फटका जास्त) 1, बर्डीला (एक कमी) 3. डबल बोगी किंवा त्याहून वाईट झालं की शून्य, मग बॉल उचला आणि पुढच्या होलकडे चला. 36 गुण म्हणजे तुम्ही हँडिकॅपला साजेसं खेळलात. वेळ वाचतो आणि एका वाईट होलने दिवस नासत नाही. चौघांचा राउंड चार तासांत आटोपणं ही तिथली साधी अपेक्षा आहे. ज्याची तयारी झाली त्याने मारायचं, ‘आधी तुम्ही’ करत थांबायचं नाही.

बॉल शोधायला फक्त तीन मिनिटं. हरवला असं वाटलं तर पुढे जाण्याआधीच ‘प्रोव्हिजनल’ म्हणून दुसरा मारून ठेवा, नाहीतर एक दंड घेऊन पुन्हा मागे यावं लागतं. ड्रॉप, म्हणजे बॉल हातातून खाली सोडणं, गुडघ्याच्या उंचीवरून.

जमिनीवरून खेळायचं

आपल्या मैदानांवरचं बर्म्युडा गवत म्हणजे हरळीचाच गोतावळा. ते दाट वाढतं, बॉलला खालून उचलून धरतं आणि पाणी दिल्यावर ग्रीन मऊ राहते. लिंक्सखाली वाळू असते. पाणी निथळून जातं, त्यावर फेस्क्यूचं बारीक, विरळ गवत येतं आणि उन्हाळ्यात जमीन खणखणीत वाजते. तिथे बॉल जमिनीला चिकटून बसलेला असतो. सँड वेजचा जाड तळवा अशा जमिनीवर आपटून उसळतो आणि पातं बॉलच्या पोटात बसतं. बॉल ग्रीन ओलांडून पलीकडे! नवख्यांचे सगळ्यात जास्त फटके इथे वाया जातात.

म्हणून ग्रीनपासून वीस-तीस यार्डांवर असाल आणि मध्ये बंकर नसेल तर वेज बॅगेतच राहू द्या. आठ नंबरचं आयर्न काढा, पकड थोडी खाली घ्या, पाय जवळ. बॉल उजव्या पायाच्या अंगठ्यासमोर, हात बॉलच्या किंचित पुढे. मनगट न मोडता पट मारतो तसा खांद्यांनी झोका द्या. बॉल चार-पाच यार्ड हवेत जाईल आणि बाकीचं अंतर लोळत कापेल. कुठे टप्पा पडायला हवा ती जागा आधी ठरवा आणि नजर झेंड्यावर नाही, त्या जागेवर ठेवा. गवत कापलेलं असेल तर ग्रीनच्या बाहेरूनही सरळ पटर वापरा. तिथले सत्तरीतले सदस्य हेच करतात आणि भल्याभल्यांचे पैसे जिंकतात.

लांबून मारतानाही टप्पा ग्रीनच्या आधी पडू द्या. वारा मागून असेल तर वीस यार्ड आधीही कमीच पडतात. समोरून असेल तर ताशी दहा मैलांच्या वाऱ्याला साधारण एक क्लब जास्त, म्हणजे एक नंबर खालचा लांब मारणारा क्लब घ्या, पण जोर वाढवू नका. जोराने मारलेल्या बॉलला उलटी फिरक जास्त मिळते, तो उंच चढतो आणि वारा त्याला तिथेच थोपवतो. सातऐवजी पाच नंबरचं आयर्न घेऊन तीन-चतुर्थांश स्विंग केला तर बॉल वाऱ्याखालून निघतो.

ओल्ड कोर्सवर शंका आली की डावीकडे मारा. उजवीकडे हद्द आणि झुडपं, डावीकडे मोकळीक. तिथल्या चौदा होल्सच्या ग्रीन जोडीने सामाईक आहेत. जाताना पांढरा झेंडा, परतताना लाल. भलत्याच झेंड्याकडे मारणारे रोज सापडतात.

बंकर आणि गॉर्स

पॉट बंकर खोल, अरुंद आणि समोर गवताच्या विटा रचून बांधलेली उभी भिंत. बॉल भिंतीजवळ असेल तर पुढे मारायचा मोह आवरा. बाजूने किंवा चक्क मागे काढा. एक फटका जातो, पण होल हातातून जात नाही. पुढे मारणं शक्य असेल तर पातं पूर्ण उघडा, बॉल डाव्या पायाकडे घ्या, बॉलच्या पाच सेंटिमीटर मागे वाळूत मारा आणि स्विंग थांबवू नका. 1978 च्या ओपनमध्ये जपानच्या टॉमी नाकाजिमाचा बॉल सतराव्या होलवर दुसऱ्या फटक्यात ग्रीनवर पोचला होता. त्याचा पट घरंगळत रोड बंकरमध्ये गेला, बाहेर यायला त्याला चार फटके लागले आणि कार्डावर 9 लागले. अगदीच अशक्य असेल तर ‘अनप्लेएबल’ जाहीर करा. बंकरमध्येच ड्रॉप घेतला तर एक दंड, बाहेर मागच्या रेषेवर घेतला तर दोन. निघताना दाताळ्याने आपल्या पावलांचे ठसे पुसा.

पिवळ्या फुलांचं गॉर्स हे काटेरी झुडूप दिसायला देखणं असतं, पण त्याचे काटे पँटमधून टोचतात. आत गेलेला बॉल दिसला तरी हात घालू नका, दंड घेऊन बाहेर या.

मैदानात खेळाडूंखेरीज माणसं दिसली तर दचकू नका. 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने खेळात व्यत्यय न आणता गोल्फ कोर्स ओलांडायचा हक्क लोकांना आहे. ओल्ड कोर्सच्या पहिल्या आणि अठराव्या फेअरवेमधून तर चक्क रस्ता जातो. माणसं जाईपर्यंत थांबा. बॉल कुणाच्या दिशेने गेला तर लगेच, पूर्ण आवाजात ‘फोर!’ ओरडा.

येणं-जाणं आणि पैसे

भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो, हौशी खेळासाठी तो पुरतो. सेंट अँड्रूजला रेल्वे स्टेशन नाही. एडिंबराहून ट्रेनने ल्यूकर्सला उतरा आणि 99 नंबरची बस पकडा. ट्रून आणि प्रेस्टविकची मैदानं स्टेशनला खेटून आहेत. प्रेस्टविकच्या पहिल्या होलला उजवीकडे भिंत आणि भिंतीपलीकडे रूळ. तिथला स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळलेला फटका, थेट रेल्वेच्या हद्दीत जातो.

कॅडी हवा असेल तर आधी सांगून ठेवा. हंगामात ते कमी पडतात. त्याची फी ग्रीन फीमध्ये धरलेली नसते. ती राउंड संपल्यावर रोख त्याच्याच हातात द्यायची, वर टिप वेगळी. त्याला आपल्याकडच्यासारखं ‘अरे बाबा’ करू नका, नावाने हाक मारा. तो वारा आणि ग्रीन वाचणारा जाणकार असतो आणि तो सहा नंबर म्हणाला तर सहाच घ्या. उत्तरेकडच्या आणि बेटांवरच्या छोट्या कोर्सवर तर काउंटरवर कोणीच नसतं. भिंतीवर एक पेटी असते, पाकिटावर नाव लिहून ग्रीन फी तिच्यात टाकायची. सुट्ट्या नोटा जवळ ठेवा, कारण त्या पेटीवर कार्ड चालत नाही.